सर्वांत जुना, तरी चौथ्या पायरीवर

प्रश्न : टीव्हीवर स्पॅनिश लीगचा सामना चालू असताना समालोचक म्हणाला, की स्पेनमधला सर्वांत जुना फुटबॉल क्लब रेआल माद्रिद नाही आणि बार्सेलोनाही नाही. मग कोणता? आणि जो सर्वांत आधी जन्मला, तो आज मोठ्या लीगमध्ये का दिसत नाही?
– एक वाचक, डिचोली (गोवा)

उत्तर : त्या क्लबाचं नाव रेक्रेआतिवो दे वेल्वा. गावातली माणसं नुसतं ‘रेक्रे’ म्हणतात. स्थापना 23 डिसेंबर 1889. त्या वेळी बार्सेलोना क्लब जन्मायला दहा वर्षं होती आणि रेआल माद्रिदला तेरा. तारागोनाचा जिम्नास्टिक क्लब 1886 चा आहे खरा, पण तिथे आधी फक्त व्यायाम चाले. फुटबॉल आला तो 1914 मध्ये. म्हणून ज्येष्ठपणाचा मान वेल्वाकडेच जातो आणि स्पेनभर त्याला ‘देकानो’, म्हणजे ज्येष्ठ, याच नावाने ओळखतात.

वेल्वा हे स्पेनच्या नैर्ऋत्य टोकाचं, पोर्तुगालच्या सीमेजवळचं बंदर. 1492 च्या ऑगस्टमध्ये कोलंबस निघाला तो इथून जवळच असलेल्या पालोसहून. पण फुटबॉल आला तो कोलंबसामुळे नव्हे, तांब्यामुळे. वेल्वाच्या उत्तरेला डोंगरात रिओ तिंतोच्या खाणी आहेत, अगदी रोमन काळापासून खणलेल्या. तिजोरी रिकामी पडलेल्या स्पॅनिश सरकारने 1873 मध्ये त्या एका ब्रिटिश कंपनीला विकल्या. आज जगातल्या अवाढव्य खाण कंपन्यांपैकी एक असलेली रिओ टिंटो ती हीच. कंपनीने खाणीपासून बंदरापर्यंत रेल्वे टाकली. ओदिएल नदीत माल जहाजात चढवायला लोखंडी-लाकडी धक्का उभारला. तो धक्का अजून आहे आणि संध्याकाळी गावकरी त्यावर फिरायला जातात.

कंपनीबरोबर इंजिनिअर, कारकून, डॉक्टर, रेल्वेची माणसं आली आणि त्यांच्या सामानात चेंडूही आला. खाणीच्या वस्तीवर ही मंडळी आधीपासूनच खेळत होती. रीतसर क्लब काढायचं मनावर घेतलं ते स्कॉटलंडहून आलेल्या डॉक्टर विल्यम अलेक्झांडर मॅके यांनी. मोकळ्या हवेत खेळणं हा त्यांच्या मते औषधाचाच भाग होता. गावातल्या नव्या, ऐटदार ओतेल कोलोनमध्ये बैठक झाली, चार्ल्स अ‍ॅडम अध्यक्ष झाले आणि ‘वेल्वा रिक्रिएशन क्लब’ स्थापन झाला. नुसता फुटबॉल नव्हे, टेनिस आणि क्रिकेटही त्याच्या कार्यक्रमात होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण क्लबांच्या गौरवकथांत ती बहुतेक वेळा गाळली जाते. कंपनी तांब्याचं गंधकमिश्रित खनिज उघड्यावर ढीग रचून महिनोन्महिने भाजत असे. त्या धुराने परिसरातली शेती करपली, माणसं खोकत राहिली. 4 फेब्रुवारी 1888 रोजी शेतकरी आणि खाणकामगार बायकामुलांसह एकत्र रिओ तिंतोच्या चौकात जमले. सैन्याने जमावावर गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा-चौदा मृतांचा होता, पण लोकांच्या आठवणीत तो कितीतरी मोठा आहे, आणि ते वर्ष त्या भागात आजही ‘गोळ्यांचं वर्ष’ म्हणून ओळखलं जातं. हॉटेलातली ती बैठक या घटनेनंतर दोन वर्षांच्या आतली. क्लब साहेबांचा होता. ज्यांची शेतं जळाली, त्यांचा तो अजून नव्हता. तो त्यांचा कसा झाला, हीच मला वेल्वाच्या इतिहासातली खरी गोष्ट वाटते.

पहिला सामना 8 मार्च 1890 रोजी सेव्हियात झाला. सेव्हियातही ब्रिटिश मंडळींनी त्याच वर्षीच्या जानेवारीत क्लब काढला होता. त्यांनी पत्र पाठवून वेल्वाला आव्हान दिलं आणि वेल्वाचे गडी आगगाडीने निघाले. ताब्लादाच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सेव्हियाने 2-0 असा विजय मिळवला. स्पेनमध्ये दोन क्लबांमध्ये नियमांनुसार झालेला हा पहिला सामना मानतात. वेल्वाच्या अकरा जणांत बाकी सगळी इंग्रजी नावं आणि त्यात कोतो, दुक्लोस अशी दोन वेगळी नावं दिसतात. मला ती दोन नावं स्कोअरपेक्षा महत्त्वाची वाटतात. दार तिथेच किलकिलं झालं होतं.

पुढच्या काही दशकांत ते सताड उघडलं. 1892 मध्ये, कोलंबसाच्या सफरीच्या चारशेव्या वर्षाच्या उत्सवात, गावात सायकल शर्यतींचं मैदान बांधलं गेलं आणि रेक्रे तिथे 1957 पर्यंत खेळला. गोदीतल्या, रेल्वेतल्या, बाजारातल्या पोरांनी खेळ उचलला. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा गावाचा झाला. 1954 मध्ये खाणींची मालकी पुन्हा स्पॅनिश हातांत आली, इंग्रज हळूहळू गेले. चेंडू राहिला.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आधी जन्मलेला क्लब मोठा का झाला नाही? याचं उत्तर मैदानात कमी आणि हिशेबाच्या वहीत जास्त आहे. वेल्वाच्या डोंगरातली संपत्ती जहाजांत बसून बाहेर गेली, तिचा नफा लंडनमधल्या भागधारकांकडे गेला. गावात राहिली ती मजुरी. बिल्बाओचं तसं झालं नाही. तिथे लोखंडाच्या खनिजाच्या पैशातून स्थानिक पोलाद कारखाने, बँका, जहाज कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्याच श्रीमंतीच्या सावलीत अ‍ॅथलेटिक क्लब वाढला. स्पेनमध्ये 1926 मध्ये व्यावसायिक फुटबॉलला अधिकृत मान्यता मिळाली आणि 1929 मध्ये लीग सुरू झाली, तेव्हा पैसा आणि मोठी लोकवस्ती असलेली शहरं पुढे गेली. वेल्वाची वस्ती आजही दीड लाखाच्या आतच. तुम्ही डिचोलीचे आहात, तेव्हा खाण आणि फुटबॉल यांचं नातं तुम्हाला वेगळं सांगायला नको. गोव्यात धेंपो, साळगांवकर, सेसा या खाण उद्योगांनी संघ पोसले आणि धेंपोने तर पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. तिथे खनिजाचा पैसा निदान काही प्रमाणात मैदानात उतरला. वेल्वात तो बोटीतून गेला.

म्हणून पहिल्या श्रेणीत पोहोचायला रेक्रेला 1978 उजाडलं, म्हणजे जन्मानंतर 89 वर्षं. तेही एकाच हंगामापुरतं. त्यानंतर 2002 मध्ये पुन्हा वर आला आणि त्या हंगामात लुकास आल्काराझ यांच्या हाताखाली राजाच्या चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. 28 जून 2003 रोजी एल्चे शहरात मायोर्काने 3-0 असं हरवलं. सॅम्युएल एटोने त्यात दोन गोल केले. त्याच हंगामात क्लब खालीही उतरला.

तिसरी खेप 2006 ते 2009, आणि तीच सर्वांत सुंदर. प्रशिक्षक मार्सेलिनो, मधल्या फळीत कोवळा सान्ती काझोर्ला. हाच काझोर्ला दोन वर्षांनी स्पेनच्या युरो विजेत्या संघात होता. 20 डिसेंबर 2006 रोजी रेआल माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर रेक्रेने 3-0 असा विजय मिळवला. पण सामना पाहायला वेल्वाहून निघालेली चाहत्यांची बस वाटेत अपघातात सापडली होती आणि त्यात काहींचा जीव गेला होता. क्लबाच्या इतिहासातला सर्वांत मोठा विजय असा दुःखातच गावी परतला. तो हंगाम रेक्रेने आठव्या स्थानावर संपवला. याहून वर तो कधी गेलेला नाही.

त्यानंतरची घसरण मैदानापेक्षा कार्यालयात घडली. खाजगी मालकीच्या काळात कर आणि सामाजिक सुरक्षेची देणी साचली, खेळाडूंचे पगार थकले आणि 2015 मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. विसर्जनाची टांगती तलवार डोक्यावर होती. इथे जे झालं ते स्पेनमध्येही विरळा. चाहते रस्त्यावर उतरले, वर्गण्या गोळा झाल्या आणि 2016 मध्ये वेल्वाच्या नगरपालिकेने क्लबाचे शेअर मालकाकडून सक्तीने संपादित केले, रस्त्यासाठी किंवा धरणासाठी जमीन घेतात त्याच कायदेशीर वाटेने. त्याच वर्षी आंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारने रेक्रेला सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवलं. जुन्या वाड्यांना, देवळांना आणि उत्सवांना जे संरक्षण मिळतं, ते एका फुटबॉल क्लबाला मिळालं.

हा निर्णय मला मनापासून पटतो. सार्वजनिक पैसा फुटबॉलमध्ये का घालायचा, हा आक्षेप रास्तच आहे, आणि श्रीमंत क्लबांबाबत तर मीही तोच घेईन. पण ज्या गावाच्या डोंगराखालचं सगळं बाहेरच्यांनी नेलं, त्या गावाने मागे राहिलेली एक गोष्ट जपायचं ठरवलं, तर त्यात गैर काय? नगरपालिका काही क्लब कायम चालवू शकत नाही. 2024 मध्ये बहुसंख्य शेअर पुन्हा एका उद्योजकाकडे गेले. पण मधली वर्षं तिने धरून ठेवलं नसतं, तर विकायला काही उरलंच नसतं.

वारसा म्हणून नोंद झाली की सामने जिंकता येतात असं नाही. 2021 मध्ये श्रेणींची फेररचना झाली, त्यात रेक्रे थेट पाचव्या पायरीवर गेला. स्पेनमधला सर्वांत जुना क्लब, आणि समोर खेड्यापाड्यांचे संघ! तिथून लागोपाठ दोन वर्षं बढती मिळवत तो 2023 मध्ये तिसऱ्या पायरीवर आला आणि 2025 मध्ये पुन्हा एक पायरी उतरून चौथ्या श्रेणीत गेला. म्हणूनच तुम्हाला तो टीव्हीवर दिसत नाही.

तरीही ओदिएलच्या काठावर 2001 मध्ये बांधलेल्या नुएवो कोलोम्बिनो मैदानावर चौथ्या-पाचव्या श्रेणीच्या सामन्यांनाही हजारोंची गर्दी होते. उन्हाळ्यात तिथे 1965 मध्ये सुरू झालेली कोलोम्बिनो चषकाची स्पर्धा भरते, तिच्यात मोठमोठे क्लब येऊन गेलेत. कधी त्या बाजूला जाणं झालं तर आधी रिओ तिंतोच्या लालभडक नदीकाठी जा, जुन्या खाणीचा खड्डा पाहा, मग गावात येऊन धक्क्यावरून चालत जा आणि रविवार गाठून सामन्याचं तिकीट काढा. याच क्रमाने पाहा, म्हणजे क्लब नीट कळेल.