सुटकेसमधला ट्रायथलॉन

ट्रायथलॉन म्हणजे काय, हे आमच्या कोंढ्यात सांगायला मला तीन वाक्यं लागतात. आधी पोहायचं, मग ओल्या अंगानेच सायकल चालवायची, मग सायकल ठेवून पळायचं. चौथं वाक्य नेहमी समोरून येतं, "पण कायले गा?"

या प्रश्नाला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. पोहायला शिकलो शिवारातल्या बोडीत, सायकल म्हणजे भंडारा-पवनी रस्ता, आणि पळणं तर एस.टी. पकडायला लागतंच! तिन्ही गोष्टी एका दमात करायची स्पर्धा असते, हे इंजिनिअर झाल्यावर कळलं. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ 2000 साली सिडनीत आला. तिथे दीड किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर पळणं असतं. मी ज्याच्या नादी लागलो, त्या हाफ आयर्नमॅनला 1.9 किलोमीटर पोहून 90 किलोमीटर सायकल आणि वर 21.1 किलोमीटर पळायचं असतं, तेही साडेआठ तासांच्या आत. भारतात ही स्पर्धा पहिल्यांदा 20 ऑक्टोबर 2019 ला गोव्यात झाली. "हे आपल्या लोकांचं काम नाही" असं कुणी म्हणालंच तर दोन नावं सांगा. पुण्याच्या कौस्तुभ राडकरांनी याच्या दुप्पट अंतराच्या, म्हणजे पूर्ण आयर्नमॅन स्पर्धा वीसहून जास्त वेळा पूर्ण केल्यात. आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 साली अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा सायकलने बारा दिवसांच्या आत पार करून आलेत.

असो. माझं गाडं ऊन, पाऊस, आळस यांपैकी कशावरही अडलं नाही. अडलं ते पासपोर्टवर.

माझी नोकरी राइस मिलमधल्या सॉर्टेक्स मशीनची. कॅमेरा घसरत्या तांदळाकडे बघतो, काळा दाणा दिसला की हवेचा फवारा त्याला उडवून लावतो. मशीन जिथे जाईल तिथे तिला सुरू करून द्यायला मी जातो. 2019 च्या जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवडे अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यात होतो. (तिथे धान पिकतं हे मला जाईपर्यंत माहीत नव्हतं. अमेरिकेतला सर्वात जास्त तांदूळ तिथेच होतो.) गोव्याची फी भरलेली होती. दिवसाचे बारा तास मिलमध्ये, जवळपास पोहायला तलाव नाही, सायकल घरी. म्हणून मी ठरवलं की रोज रात्री एक तास, कितीही थकलो तरी, हॉटेलच्या ट्रेडमिलवर हळूहळू पळायचं. सहा आठवड्यांत एकही दिवस खाडा केला नाही. वहीत बेचाळीस बरोबरच्या खुणा. ओरलला सगळी जर्नल्स सही होऊन तयार असल्यावर वाटतं ना, तसं वाटत होतं!

घरी आल्यावर नेहमीच्या रस्त्यावर सायकल काढली आणि तासाभरात धाप लागली. घाबरलो. स्पर्धेला दोन महिनेही नव्हते. राहिलेलं भरून काढायला पळण्याचं अंतर पंधरा दिवसांत दुप्पट केलं. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, हाडावर ताण आलाय, सहा आठवडे पळणं बंद. गोव्याची पहिली स्पर्धा मी घरी बसून, पाय खुर्चीवर ठेवून, बातम्यांत पाहिली.

बेचाळीस खुणा गेल्या कुठे? हा प्रश्न मला छळत होता. तेव्हा वाचायला लागलो.

शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्या मापाला व्हीओटू मॅक्स म्हणतात. इंजिनची सी.सी. समजा. 1984 साली एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या खेळाडूंना सराव पूर्ण बंद करायला लावून हे माप घेत राहिले. पहिल्या तीन आठवड्यांत ते सुमारे 7 टक्के घसरलं आणि आठ आठवड्यांत सुमारे 16 टक्के. सुरुवातीची घसरण मुख्यतः रक्ताची. शरीरातलं रक्ताचं पाणी कमी होतं, म्हणून हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं.

पण मी तर सराव बंद केला नव्हता! त्याचं उत्तर शिकागोच्या रॉबर्ट हिक्सन यांच्या प्रयोगांत सापडलं. 1981 ते 1985 या काळातले हे प्रयोग इंजिनिअरला आवडतील असे आहेत, कारण एका वेळी एकच व्हेरिएबल हलवलंय. लोकांना दहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज 40 मिनिटं कडक सराव दिला. मग पुढचे पंधरा आठवडे कपात. एका प्रयोगात दिवस कमी केले, सहाचे चार किंवा दोन. व्हीओटू मॅक्स टिकला. दुसऱ्यात मिनिटं कमी केली, 40 ची 26 किंवा 13. तरीही टिकला, फक्त तेरा मिनिटंवाल्यांचा लांब पल्ल्याचा दम थोडा उतरला. तिसऱ्यात दिवस आणि मिनिटं तीच ठेवली, पण जोर एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश कमी केला. तिथे व्हीओटू मॅक्स घसरला आणि लांब पल्ल्याचा दमही.

म्हणजे मी नेमकी तिसऱ्या प्रयोगातली चूक रोज रात्री, शिस्तीत, बेचाळीस वेळा केली होती. वेळ राखला आणि जोर सोडला.

हे मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तळ्यात पाणी कमी असलं तं सगळ्या बांध्यायले थोडं थोडं देते का कोणी? दोन बांध्यायले पोटभर द्याचं, बाकीच्या सोडाच्या." पंधरा आठवड्यांचा प्रयोग दोन ओळींत!

2022 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाच आठवडे व्हिएतनामला, मेकाँगच्या खोऱ्यातल्या कॅन थो गावी होतो आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा गोवा होतं. या वेळी आठवड्याला फक्त चार सराव ठेवले. त्यातले दोन वीस मिनिटांचे, पण जीव काढणारे. पाच मिनिटं अंग गरम करायचं, मग एक मिनिट इतकं जोरात की दोन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, एक मिनिट हळू, असं सहा वेळा, आणि तीन मिनिटं थंड व्हायचं. रविवारी एक लांब सराव, दीड-दोन तासांचा, कारण तेरा मिनिटंवाल्यांचा लांबचा दम गेला होता हे विसरून चालणार नाही. चौथा सराव पोहण्याचा. बाकी दिवस खुशाल झोप.

पळणं सगळ्यात सोपं, बूट असले की झालं. बूट मात्र हातातल्या बॅगेत ठेवा. सामान उशिरा आलं तर कपडे कुठेही मिळतात, पायाला सरावलेले बूट मिळत नाहीत. आणखी एक गोष्ट, व्हिएतनाम आणि अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात. आपण समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेने पळतो, तिथे डाव्या कडेने पळायचं. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते आणि गाडी येते डावीकडून. कॅन थोच्या मोपेडींनी मला हे दोनदा शिकवलं.

सायकल नेणं खर्चाचं आणि कटकटीचं, म्हणून हॉटेलच्या जिममधली फिरत न जाणारी सायकल. घरून फक्त दोन गोष्टी न्यायच्या. एक, आपल्या सायकलच्या क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं माप. तेवढीच उंची तिथे लावायची, नाहीतर गुडघे बोलतात. दोन, आपले पेडल आणि 15 चा पाना. व्यवस्थापकाला आधी विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. उजव्या पेडलला नेहमीचे आटे असतात, डाव्याला उलटे. का, तर पाय फिरवताना बेअरिंगमधून जो ताण येतो तो डाव्या बाजूचे साधे आटे हळूहळू सैल करेल. मेकॅनिकल असूनही मी पहिल्यांदा डावं पेडल सोडवताना अर्धा तास ते घट्टच करत होतो! लक्षात ठेवायचं तर दोन्ही बाजूंना पाना वर धरून मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं.

पोहणं खरं अडचणीचं. हाऊ नदी खोलीच्या खिडकीतून दिसायची, मोह व्हायचा. पण अनोळखी पाण्यात, होड्यांच्या वाटेत, एकट्याने उतरायचं नाही म्हणजे नाही. गोसीखुर्दच्या पाण्यालाही हाच नियम. हॉटेलचा टाका दहा मीटरचा होता. तिथे कमरेला पट्टा, पट्ट्याला रबर, रबर शिडीला बांधून जागच्या जागी पोहायचो. टाकाच नसेल तर सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब घ्या, मधून दाराच्या कडीला अडकवा, कमरेत वाका आणि कोपर वर ठेवून दोन्ही हातांनी मागे ओढा. एक मिनिट ओढणं, एक मिनिट आराम, दहा वेळा. पाण्याची जाण याने येत नाही, खांदे मात्र जागे राहतात.

कॅन थोला घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास पुढे, त्याचा त्रास नाही. आर्कान्सॉ उन्हाळ्यात साडेदहा तास मागे. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं, म्हणजे पूर्ण जुळायला दहा दिवस. पश्चिमेला जाणं त्यातल्या त्यात सोपं, कारण बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं, दिवस लांबवणं त्याला जमतं. पहिले तीन दिवस जोराचा सराव नको. दिवसा उजेडात चाला, जेवण तिथल्या वेळेला घ्या.

गोव्यात त्या नोव्हेंबरमध्ये मी साडेआठ तासांच्या आत पोचलो. कितीने, ते विचारू नका.

परतल्यावरचा पहिला आठवडा सर्वात धोक्याचा. रक्ताचं पाणी काही दिवसांत परत भरतं, दम लवकर येतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. हाडाला ते वेग कळत नाहीत, त्याला आठवडे लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात जाण्यापूर्वीच्या अंतराच्या दोन तृतीयांशच पळायचं आणि बुडालेला एकही सराव भरून काढायचा नाही.

आणि पाना चेक-इन बॅगेत टाका. बाबांचा जुना, पोलादी, 15 चा पाना विमानतळावरच्या तपासणीत माझ्या हातातल्या बॅगेतून काढून घेतला गेला. माझ्या नडगीचं बाबा एव्हाना विसरलेत, पान्याचं अजून विचारतात.