शिट्ट्या मोजणं सोडा, घड्याळ बघा

‘तीन शिट्ट्या करा, वरण लोण्यासारखं होईल,’ असं ठणकावून सांगणाऱ्यांचा मला आता मनापासून राग येतो. डाळ शिजली तर श्रेय त्यांच्या कृतीला; टचटचीत राहिली तर खोट आपल्या डाळीत, नाहीतर आपल्या हातात! कुकर केवढा, आच किती, डाळ भिजवली होती का, यातलं काही सांगायचं नाही आणि वर ‘आमच्याकडे तर छान होतं बाई’ हा शेरा आहेच. माझं म्हणणं एवढंच, की शिट्टी हे शिजण्याचं मापच नव्हे. फ्रेंच संशोधक देनी पापँ याने १६७९ मध्ये वाफेच्या दाबावर शिजवणारं भांडं लंडनमध्ये दाखवलं. त्याला जोडलेली झडप होती ती भांडं फुटू नये म्हणून. आपल्या कुकरची शिट्टीही तेच काम करते, जादा वाफ सोडून देते. पूर्ण दाब आला की आतलं तापमान १२० अंश सेल्सियसच्या आसपास जातं आणि तिथेच थांबतं. पुढे आच मोठी ठेवली म्हणून डाळ लवकर शिजत नाही. शिट्ट्या भराभर होतात, गॅस जळतो, पाणी आटतं आणि डाळ तळाला धरते. त्याच तीन शिट्ट्या मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटांत संपतात, मंद आचेवर पंधरा मिनिटंही घेतात. मग तो आकडा नक्की काय सांगतो?

यावर ठरलेलं उत्तर येतं, की आपल्या आया-आज्या शिट्ट्या मोजूनच स्वयंपाक करत आल्या. खरं आहे. पण रोज तोच कुकर, तीच शेगडी, त्याच वाणसामानाच्या दुकानातली डाळ. त्यांचा आकडा त्यांच्या ओट्यापुरता बरोबर होता. तो दुसऱ्याच्या घरी लादण्याचा उद्योग नंतरच्या शहाण्यांचा. दुसरी शंका रास्त आहे: मिनिटं मोजूनही डाळ शिजत नाही, त्याचं काय? अशा वेळी दोष बहुधा बोअरच्या जड पाण्याचा किंवा जुन्या डाळीचा असतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीचं साल आणि गर घट्ट धरून ठेवतं. चिंच, आमसूल, टोमॅटो आधीच घातले तरी तेच होतं. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर घाला. सोड्याने डाळ मऊ पडते, पण ब१ जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं. मिठावर मात्र उगीच आळ घेतात. छोले भिजवताना पाण्यात थोडं मीठ घातलं तर उलट ते मऊ शिजतात.

तेव्हा तूरडाळ अर्धा तास भिजवा, कुकर निम्म्याच्या वर भरू नका, फेस येऊ नये म्हणून चमचाभर तेल सोडा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून घड्याळ लावा: डाळीला दहा मिनिटं, रात्रभर भिजवलेल्या छोल्यांना वीस. डब्यांत लावत असाल तर थोडा वेळ वाढवा. वाफ आपोआप जिरू द्या, झाकणाशी झटापट नको. रिंग सैल झाली की बदला, शिट्टीचं भोक रोज उजेडाकडे धरून तपासा. आणि पुढच्या वेळी कुणी शिट्ट्यांचा आकडा ऐकवला, तर आधी विचारा: किती आचेवर, किती मिनिटं? उत्तर आलं नाही, तर तो सल्ला सोडून द्या.