पुरुषी हार्मोन आणि विषाणूचा आजार

‘गड्याला काय होतंय, दोन दिवसांत उठेल!’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. कोरोनाच्या साथीत ते खोटे ठरले. अनेक देशांत लागण स्त्री-पुरुषांना जवळपास सारखीच झाली, पण अतिदक्षता विभागात पुरुष जास्त गेले आणि दगावलेही तेच जास्त. तंबाखू, दारू, आधीचा हृदयविकार ही कारणे आहेतच. शिवाय डॉक्टरांची नजर टेस्टोस्टेरॉनकडे गेली. दाढी-मिशा आणि जाड आवाज देणारे हे पुरुषी हार्मोन.

शंका यायला कारण होते. पेशीत शिरण्याआधी या विषाणूच्या अंगावरचे काटे कापले जावे लागतात. ते काम टीएमपीआरएसएस-२ हे आपल्याच पेशीवरचे विकर करते. प्रोस्टेट ग्रंथीत हे विकर पुरुषी हार्मोनच्या हुकमाने वाढते. मग फुप्फुसातही तसेच होत असेल का? इटलीच्या व्हेनेतो प्रांतात प्रोस्टेट कॅन्सरसाठी हार्मोन रोखणारे उपचार घेणाऱ्यांना कोरोना कमी झाल्याचे २०२० साली दिसले, आणि आशा वाढली.

पण पुढे अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत दाखल झालेल्या ९६ पुरुषांवर हार्मोन रोखणाऱ्या इंजेक्शनची चाचणी झाली. फायदा दिसला नाही. उलट गंभीर पुरुष रुग्णांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन कमीच सापडले. मोठ्या आजारात ते आपोआप घटते, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगणे सोपे नाही.

एक गोष्ट मात्र बरीच पक्की आहे. हे हार्मोन प्रतिकारशक्तीचा जोर थोडा दाबते. फ्लूच्या लसीनंतर बायकांच्या शरीरात सहसा जास्त प्रतिपिंडे तयार होतात. विषाणू ओळखणाऱ्या काही जनुकांच्या बाबतीत दोन एक्स गुणसूत्रांचाही त्यांना फायदा होतो. म्हणजे ‘मर्दाचे अंग कणखर’ ही समजूत विषाणूपुढे चालत नाही.

म्हणून अंग कमावण्यासाठी जिममध्ये कुणी हार्मोनचे इंजेक्शन देऊ केले तर ते घेऊ नये. हार्मोन रोखणाऱ्या गोळ्याही मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. खरा धोका उशिराचा आहे. रोजंदारी बुडेल म्हणून आपली माणसे ताप अंगावर काढतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? तरी ताप तीन दिवसांत उतरला नाही तर आरोग्य केंद्र गाठावे. धाप लागली, छातीत दुखू लागले, ओठ निळे पडले किंवा माणूस भ्रमल्यासारखा बोलू लागला, तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नये. रात्रीच १०८ ला फोन करावा.