चेन्नईचा पाऊस : हवामानबदलाच्या अभ्यासातील एक पाठ

जागतिक हवामानबदलाचा अभ्यास विद्यापीठात करू लागणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम येतात ते तापमानाचे व पर्जन्याचे आलेख. समाजाने या बदलाला कसे तोंड दिले, हा भाग अभ्यासक्रमात सहसा अखेरीस येतो. चेन्नई शहराचा इतिहास पाहिला तर हे दोन भाग असे वेगळे ठेवता येत नाहीत, ही गोष्ट लवकर ध्यानात येते.

या शहरात हवेच्या नोंदींची परंपरा फार जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा खगोलज्ञ व सर्वेक्षक मायकेल टॉपिंग याच्या प्रयत्नांतून १७९२ साली नुंगम्बाक्कम येथे वेधशाळा उभी राहिली आणि १७९४ साली भूमापन शिकवणारी एक शाळा निघाली. तीच शाळा वाढत वाढत गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय बनली. १९७८ साली स्थापन झालेल्या अण्णा विद्यापीठात ते महाविद्यालय सामील झाले, आणि त्याच विद्यापीठात आज हवामानबदल व आपत्ती व्यवस्थापन यांचे अध्ययन केंद्र आहे. वेधशाळेत जॉन गोल्डिंगहॅम याने १७९६ पासून हवेच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. कंपनीला हवी होती ती जहाजांच्या सोयीसाठी अचूक वेळ आणि अचूक रेखांश. हवेच्या नोंदी हे त्या कामाचे उपांग होते. १८९९ साली खगोलशास्त्राचे काम कोडाईकनालला हलले, तरी हवामानाची निरीक्षणे नुंगम्बाक्कमलाच चालू राहिली.

मात्र दीर्घ नोंद हाती आली म्हणजे उत्तर हाती आले असे नव्हे. दोन शतकांत उपकरणे बदलली, आणि त्यांच्या भोवतीचा परिसर तर पार पालटला. वस्तीबाहेरच्या गावाच्या जागी दाट शहर झाले. अशा ठिकाणी उष्णतामापकाने दाखवलेल्या वाढीत पृथ्वीचा वाटा किती आणि डांबर व सिमेंट यांनी धरून ठेवलेल्या उष्णतेचा वाटा किती, हे वेगळे काढणे हा या विद्याशाखेतील पहिला कठीण धडा होय.

दुसरा धडा २०१५ च्या पुराने दिला. महाराष्ट्रातील वाचकाला पाऊस म्हटला की जून-जुलै आठवतो. चेन्नईत वर्षाकाठी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्याचा निम्म्याहून अधिक भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. २०१५ च्या नोव्हेंबरात एकट्या नुंगम्बाक्कमला एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. तळी भरली, जमीन पाणी पिऊन तृप्त झाली, आणि त्यावर १ डिसेंबरची अतिवृष्टी कोसळली. चेंबरम्बाक्कम तलावातून सेकंदाला २९,००० घनफूट पाणी सोडण्यात आले व अडयार नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. त्या मोसमात राज्यात शेकडो माणसे दगावली.

हा जागतिक तापमानवाढीचाच परिणाम, असे तेव्हा सर्वत्र बोलले गेले. भारतीय शास्त्रज्ञांचाही समावेश असलेल्या एका आंतरराष्ट्रीय गटाने जुन्या नोंदी व संगणकीय प्रतिमाने यांच्या साह्याने हा प्रश्न तपासला. त्या अतिवृष्टीत तापमानवाढीचा परिणाम त्यांना आढळला नाही. हवेतील सूक्ष्म प्रदूषक कणांनी हरितगृह वायूंच्या परिणामाला आजवर आवर घातला असावा, असे त्यांनी सुचवले. याचा अर्थ धोका नाही असा घ्यावयाचा नाही. हवा स्वच्छ होत जाईल तसा तो आवरही सैल होईल. परंतु बुडालेल्या घरांचा सगळा दोष आभाळाच्या माथी मारण्याची सोय त्या निष्कर्षाने राहिली नाही. २०१८ साली तमिळनाडू विधानसभेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने तर या पुराला मानवनिर्मित आपत्ती म्हटले.

जमिनीकडे पाहिले तर पुष्कळ कारणे दिसतात. शहराच्या दक्षिणेकडील पळ्ळिकरणैची दलदल पूर्वी हजारो हेक्टरांवर पसरलेली होती व आसपासच्या अनेक तळ्यांचे जादा पाणी पोटात घेत असे. कचऱ्याचे आगार, रस्ते आणि इमारती यांनी ती आक्रसत गेली. समुद्राचा आणि वाऱ्याचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थाही त्याच परिसरात उभ्या आहेत, हेही विद्यार्थ्याने नजरेआड करू नये. २०२२ साली या दलदलीच्या सुमारे १,२४७ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मिठी नदीची दशा आणि २६ जुलै २००५ चा मुंबईचा पूर ज्यांना आठवतो, त्यांना यात नवल वाटणार नाही.

चार वर्षांनी चित्र उलटले. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे चार प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने २५ लाख लिटर आणले. वास्तविक तमिळनाडूने २००३ सालीच सर्व इमारतींना पर्जन्यजल साठवण सक्तीची केली होती. त्याआधीपासून शेखर राघवन यांच्यासारखे कार्यकर्ते घरोघर जाऊन छपरावरचे पाणी विहिरीत सोडण्याचा आग्रह धरत होते. कायद्यानंतर भूजलाची पातळी अनेक भागांत वर आली. पण खड्ड्यातील वाळू व खडी वेळोवेळी काढून धुवावी लागते, गाळ उपसावा लागतो. बांधकामाची परवानगी पदरात पडल्यावर हे करणार कोण? कित्येक ठिकाणी नळी तेवढी भिंतीवर उरली. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने शहर पुन्हा पाण्याखाली गेले, आणि पळ्ळिकरणैच्या बाजूच्या वस्त्यांत लोकांना होड्यांनी बाहेर काढावे लागले.