गेम सोडवायची गोळी नसते

चितेगावच्या दवाखान्यात सध्या एक मागणी वरचेवर येते. “डॉक्टर, ह्यांचा गेमचा नाद सुटंल अशी गोळी द्या.” मागणारी कधी बायको असते, कधी आई. ज्याच्यासाठी गोळी हवी तो तीस-पस्तिशीचा, कंपनीत कामाला जाणारा माणूस खाली मान घालून बसलेला असतो. अशी गोळी नसते, आणि बहुतेक वेळा तिची गरजही नसते.

गेम हे लेकरांचं काम, बाप झालेला माणूस खेळतो म्हणजे एक तर तो पोरकट आहे नाहीतर जबाबदारीपासून पळतो, हा समज लोकांच्या डोक्यातून काही केल्या जात नाही. हाच माणूस जेवल्यावर तीन तास क्रिकेटची मॅच बघत बसला, तर त्याला कुणी दवाखान्यात आणत नाही. पैठण रोडवरच्या कंपनीत दुसरी पाळी करून मध्यरात्री घरी आलेल्याचं डोकं लगेच शांत होत नाही. मशीनचा आवाज कानात घुमत असतो. तो अर्धा-पाऊण तास गेम खेळला, मग पोटभर झोपला, सकाळी लेकरांशी नीट बोलला आणि पाळीला वेळेवर गेला, तर त्याला काहीही झालेलं नाही. ताई, त्याला सुखाने खेळू द्या. शाळेतले जुने मित्र त्याला त्या गेममध्येच भेटत असतील, तेवढंही त्याच्याकडून काढून घेऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला आणि ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, हे खरं. पण मोबाईलवर फिरणारे मेसेज पुढचं सांगत नाहीत. खेळणं आवरता येत नाही, कामधंदा-घर-जेवण सगळ्याच्या वर गेम जाऊन बसतो, आणि नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, असं साधारण वर्षभर चाललं आणि त्याने संसार किंवा काम खरोखर बिघडलं, तर तो आजार. त्यात वयाची अट नाही. रोज किती तास, याचाही आकडा नाही.

गेल्या पावसाळ्यात एक बाई नवऱ्याला घेऊन आली. तो ठेकेदाराकडे होता. काम कमी झालं तसं त्याला घरी बसवलं. रात्रभर मोबाईल. तिने टेबलावर एक पुडी ठेवली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली करडी भुकटी, त्यावर ना नाव ना पत्ता. नाद सोडवणाऱ्या कुणा बाबाने दिलेली, चहात चोरून घालायची. दोन दिवसांत नवऱ्याला उलट्या लागल्या म्हणून ती घाबरून आली होती. मी त्याला विचारलं, झोप कधीपासून गेली? तो म्हणाला, “गेम नंतरचा आहे, सर. झोप आधी गेली.” पहाटे तीनला जाग यायची, धडधड व्हायची, गाडीचा हप्ता डोळ्यांसमोर यायचा, म्हणून तो मोबाईल हातात घ्यायचा. पँटच्या पट्ट्याला त्याने खिळ्याने नवीन भोक पाडलं होतं, इतका तो उतरला होता. हे नैराश्य होतं. घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात उपचार सुरू झाल्यावर त्याची झोप हळूहळू परतली. गेम तो अजून खेळतो. मी बंद कर म्हटलेलंच नाही.

घरच्यांनी मोबाईल फोडला असता, तर त्याच्याकडे पहाटेचे तीन तेवढे उरले असते. माणूस पळतोय असं वाटलं, तर कशापासून पळतोय ते आधी विचारा. आणि कोणतीही पुडी कुणाच्या चहात चोरून घालू नका. त्या भुकटीत काय असतं ते देणाराही सांगत नाही, आणि भोगतं ते लिव्हर-किडनी.

आता खेळणाऱ्यांसाठी. रात्रपाळीत जागं राहायला एनर्जी ड्रिंक, घरी येऊन गेम, मग झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलाम, हे चक्र थांबवायलाच हवं. गेमपेक्षा या गोळीची सवय सुटायला कितीतरी जड जाते, आणि ती एकदम तोडणंही धोक्याचं. डॉक्टरला सांगून कमी करा. अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर हाताला आराम द्या. स्क्रीनकडे बघताना पापणी कमी लवते, म्हणून डोळे चुरचुरतात. निळ्या काचेच्या चष्म्यावर पैसे घालून तो ताण कमी होत नाही, अधूनमधून लांब बघितल्याने होतो.

पैसे लावायची रमी हा मात्र वेगळा विषय आहे. तो जुगार आहे, आणि जुगाराचा विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच यादीत स्वतंत्र नोंदलेला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, तरी लिंकवरून ॲप उतरवणारे आहेतच. पगार झाल्यावर दोन दिवसांत खातं रिकामं, ॲपवरून कर्ज, बायकोचे डाग गहाण, फोन आला की बाहेर जाऊन बोलणं, ही लक्षणं दिसली तर वर्षभर थांबू नका.

तसंच पाळ्या चुकायला लागल्या, जेवण-अंघोळ सुटली, मोबाईल मागितला की हात उगारला जातो, किंवा आवडता गेमही नकोसा होऊन माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, तर त्याला दवाखान्यात आणा. जगून काय उपयोग, असं तो एकदा जरी बोलला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी घाटी गाठा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं.

माझ्याकडे येताना घरात चालू असलेल्या गोळ्या, पुड्या, काढ्याच्या बाटल्या सगळ्या पिशवीत घालून आणा. आणि आधी पाच मिनिटं मला त्याच्याशी एकट्याने बोलू द्या.