आकाशातून उतरलेले प्रेषित

बारा राशींची नावे आपणा सर्वांना पाठ असतात. पण युरोपात एकदा या राशी बारा प्रेषितांच्या नावे करण्यात आल्या होत्या, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

जर्मनीतील ऑग्सबर्गचे वकील युलियस शिलर हे श्रद्धावंत कॅथलिक. ख्रिस्ती माणसाने वर पाहावे आणि त्याला ग्रीक दैवतांच्या कथा दिसाव्यात, हे त्यांना खटकत असे. म्हणून त्यांनी सारे आकाशच नव्याने नावारूपाला आणले. १६२७ साली त्यांचा तारकांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात मेष रास संत पेत्राची, वृषभ संत अंद्रियाची, कर्क संत योहानाची. यहुदाच्या जागी निवडलेल्या मत्थियाला शेवटची मीन मिळाली. (संत बार्थोलोम्यूच्या वाट्याला मात्र विंचू आला!) उत्तरेच्या आकाशात नवा करार, दक्षिणेच्या आकाशात जुना. सप्तर्षी म्हणजे पेत्राची होडी, हंस म्हणजे संत हेलेनासह पवित्र क्रूस, आणि दक्षिणेकडील 'आर्गो' जहाज म्हणजे नोहाचे तारू.

हे काम वरवरचे नव्हते. १६०३ सालच्या प्रसिद्ध तारकानकाशाचे कर्ते योहान बायर यांची त्यांना मदत होती आणि ताऱ्यांच्या जागाही सुधारून घेतल्या होत्या. परंतु बायर १६२५ मध्ये वारले, आणि ग्रंथ निघाला त्याच वर्षी शिलरही गेले. १६६० साली सेलारियस यांच्या सुंदर ग्रंथात ही चित्रे पुन्हा छापली गेली, पण वापरात आली नाहीत. दुसऱ्या शतकातील टॉलेमीपासूनच्या याद्या व कोष्टके जुन्याच नावांनी भरलेली. नावाड्याला रात्री दिशा हवी असते. तो नवे नाव कशाला शिकेल? आम्हाला वाटते, हेतू कितीही पवित्र असला तरी लोकांच्या तोंडी बसलेले नाव हुकमाने बदलत नाही.

राजांची खुशामतही टिकली नाही. विल्नियसचे खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरू पोचोबुट यांनी १७७७ साली पोलंडच्या राजाच्या सन्मानार्थ 'पोनियातोव्स्कीचा बैल' आकाशात बसवला. १९२२ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ८८ तारकासमूहांची यादी ठरवली, तेव्हा त्यात तो बैल नव्हता आणि प्रेषितही नव्हते.

एक पाखरू मात्र राहिले. डच नकाशाकार व प्रॉटेस्टंट पाळक प्लान्सियस यांनी १५९२ साली नोहाचे कबूतर रेखाटले होते. ते आजही 'कपोत' या नावाने यादीत आहे. जानेवारी-फेब्रुवारीत मृगाच्या खाली शशक आणि त्याच्याही खाली दक्षिणेला हे मंद तारे आपल्याकडून दिसतात. शेजारीच त्या जुन्या जहाजाची मागची बाजू आहे, शिलर ज्याला तारू म्हणत.