रखमाबाईंचा खटला : कायदा आणि न्याय

कायदा व न्याय हे शब्द आपण नेहमी जोडीने वापरतो. परंतु ते एकच आहेत काय? या प्रश्नाचा विचार करावयास मुंबई हायकोर्टातील रखमाबाईंचा खटला फार उपयोगी आहे, म्हणून त्याची हकीकत आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. त्या सुमारे अकरा वर्षांच्या असता दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मात्र त्या सासरी नांदावयास गेल्याच नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्यांनी आपला विद्याभ्यास वाढविला. पुढे १८८४ साली, पत्नीने आपल्या घरी येऊन नांदावे, असा दावा दादाजींनी लावला. अजाण वयात, आपल्या संमतीवाचून झालेल्या विवाहाने आपणास बांधून टाकू नये, हे रखमाबाईंचे म्हणणे होते.

प्रत्येक खटल्यात कोर्टास दोन गोष्टी ठरवावयाच्या असतात : घडले काय, आणि त्यास कोणता कायदा लागू पडतो. येथे पहिलीविषयी वाद नव्हता. विवाह झाला होता, हे उभयपक्षी कबूल होते. सारा वाद दुसरीचा.

न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये दावा फेटाळला. अशा प्रकारचा दावा मूळचा विलायतेतील असून हिंदु धर्मशास्त्रात त्यास आधार नाही. शिवाय जी मुलगी पतीच्या घरी कधी नांदलीच नाही, तिला बळाने तेथे धाडणे योग्य नव्हे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. दादाजींनी अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल फिरविला : विवाह कायदेशीर आहे, तर त्यापासून उत्पन्न होणारे हक्कही कायदेशीर आहेत, आणि हिंदु विवाहास वधूची संमती आवश्यक नाही. खटला पुन्हा खाली गेला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, रखमाबाईंनी पतीकडे जावे, न गेल्यास सहा महिनेपर्यंत तुरुंगवास, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. विशेष हे की, खुद्द इंग्लंडात अशा हुकमाच्या अवज्ञेबद्दलचा तुरुंगवास १८८४ सालीच रद्द झाला होता!

अखेर १८८८ साली तडजोड झाली. दादाजींस दोन हजार रुपये मिळाले व हुकमाची अंमलबजावणी टळली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे त्यांनी सुरत व राजकोट येथे स्त्रियांची दीर्घकाल सेवा केली. त्या १९५५ साली निवर्तल्या.

अपिलाच्या न्यायाधीशांस कठोर म्हणणे सोपे आहे. परंतु न्यायाधीशाने आपल्या दयेप्रमाणे निकाल देऊ लागावे, तर उद्या दुसरा न्यायाधीश आपल्या रागाप्रमाणे देईल, आणि गरिबास कशाचाच भरवसा उरणार नाही. न्यायाधीश कायद्याचा अर्थ लावतो. कायदाच अन्यायाचा असेल, तर तो बदलणे हे कायदेमंडळाचे, म्हणजे पर्यायाने लोकांचे, काम होय.

तो बदलला, पण किती सावकाश! अशा दाव्यांतील तुरुंगवास आपल्या देशात १९२३ साली रद्द झाला. दावा मात्र आजही लावता येतो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीस व एकवीस वर्षांखालील मुलास, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत आपला विवाह रद्द करून घेण्याचा हक्क दिला आहे. रखमाबाईंस जो हक्क कोर्टात मिळाला नाही, तो कायद्याच्या पुस्तकात यावयास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

पुस्तकातील हक्क ज्यास ठाऊक नाही, त्यास तो नसल्यासारखाच. म्हणून पालकांस आमची विनंती, मुलीचे वय लपवून तिचे लग्न उरकू नका. आणि विद्यार्थ्यांस सांगणे, आपल्या देशाचा कायदा वाचा, तो पाळा, आणि जेथे तो न्यायास उणा पडतो, तेथे तो सुधारण्यास झटा.